खानापूर शोधा, पण सांगलीला जाऊ नका

सीमाभागासाठी अ‍ॅप करताना गावाचे नाव हीच नोंदीची ओळख धरली, तर बेळगाव, बेळगावी आणि बेलगाम अशा तीन वेगळ्या नोंदी तयार होतात, आणि नुसते 'खानापूर' शोधले तर नकाशा कधी बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या खानापूर तालुक्याऐवजी सांगली जिल्ह्यातले खानापूर दाखवतो. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बदलून बेळगावी झाले, तरी बोटांची सवय बदललेली नाही.

१. फायरस्टोअर या गूगलच्या क्लाउडवरील डेटाबेसमध्ये प्रत्येक गावाला आपला स्वतंत्र संकेतांक द्यावा आणि गूगल मॅप्सचा प्लेस आयडी (नकाशावरील त्या ठिकाणाचा ओळख-संकेतांक) त्याच नोंदीत वेगळ्या रकान्यात ठेवावा.

२. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी नावाची सर्व प्रचलित रूपे त्या नोंदीतल्या एका अ‍ॅरेमध्ये, म्हणजे यादीत, भरावीत (निपाणीचे इंग्रजी स्पेलिंग एका 'पी'नेही लिहिले जाते आणि दोन 'पीं'नीही) आणि शोध 'अ‍ॅरे-कंटेन्स'ने (यादीत तो शब्द आहे का, हे पाहणाऱ्या अटीने) घ्यावा. ही तुलना अक्षरशः होत असल्याने इंग्रजी रूपे लहान अक्षरांत (लोअरकेस) साठवावीत आणि वापरकर्त्याने टंकलेला शब्दही तसाच बदलून, कडेच्या मोकळ्या जागा काढून मगच पाठवावा.

३. यादीत नसलेले गाव आले, तरच नकाशाच्या सेवेला विचारावे आणि तेव्हा शोधाची चौकट बेळगाव जिल्ह्यापुरती मर्यादित करावी. त्यामुळे विनंत्यांचा खर्चही वाचतो.

प्लेस आयडी कायमचा साठवता येतो, परंतु तो बदलू शकतो, म्हणून १२ महिन्यांहून जुना झाल्यास तो पुन्हा ताजा करून घ्यावा.