एकाच मांजरीच्या चार मांजरी

एकाच फोटोत तीच मांजर चार ठिकाणी दिसावी, तर वेगवेगळ्या जागी तिचे चार फोटो काढून ते एकत्र जोडायचे. फोन ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीला टेकवून पक्का बसवा. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, टायमर ३ सेकंदांचा. मांजर सांगाल तिथे बसेल ही आशा सोडा; ती जाईल तिथे टिपत राहा, फक्त जागा आणि सावल्या एकमेकींवर येऊ देऊ नका. शेवटी रिकाम्या खोलीचा एक फोटो घ्याच. मग फोटोपी (Photopea, ब्राउझरमध्ये चालणारं फोटो-एडिटर) किंवा थर (लेयर) असलेल्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये रिकामी खोली खाली, मांजरीचे फोटो वर ठेवा. प्रत्येक थरात मांजर नि तिची सावली सोडून बाकीचं खोडा. खोडताना फोटोतली एकेक मिशी नेमकी कापून काढायची गरज नाही. मागची भिंत तीच असल्याने ढोबळ कडाही बेमालूम जुळतात.