कवितेचं वृत्त ओळखताना या चुका टाळा

फोंड्याला मुलांना कविता शिकवताना एक गोष्ट दरवर्षी दिसते. चवथीच्या आरत्या नि देवळातली भजनं ऐकत वाढलेल्या या मुलांचा कान तयार असतो, पण अक्षरं मोजायची वेळ आली की ती चाल मोजतात. ‘सुंदर ते ध्यान’ गाताना ‘ध्या’ कितीही लांबवा, मोजताना ते एकच अक्षर. चाल बाजूला ठेवून सावकाश वाचलं की ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ या अभंगाच्या चार चरणांत (ओळीच्या तुकड्यांत) ६-६-६-४ अक्षरं आहेत हे लगेच दिसतं.

दुसरी चूक म्हणजे अभंगालाही लघु-गुरू, म्हणजे आखूड-लांब उच्चाराची अक्षरं, लावत बसणं. अभंगात अक्षरसंख्या पाहायची. लघु-गुरूचा क्रम ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’सारख्या अक्षरगणवृत्तात, म्हणजे लघु-गुरूचा क्रम ठरलेल्या वृत्तात बघायचा. तिथे लगागा (एक लघु, दोन गुरू) चार वेळा येतं, म्हणून ते भुजंगप्रयात वृत्त. ‘सज्जना’तला ‘स’ पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू होतो. पण ‘तुझ्या’, ‘पुन्हा’ यांत जोडाक्षराचा आघात आधीच्या अक्षरावर येत नाही, तिथे ‘तु’ आणि ‘पु’ लघुच. नियम पाठ असलेली हुशार मुलं नेमकी इथे अडतात. शब्द मोठ्याने उच्चारून बघा.

माझ्या मते सर्वांत मोठा अन्याय ओवी या चार चरणांच्या छंदावर होतो. फादर स्टीफन्स या ख्रिस्ती धर्मगुरूचं क्रिस्तपुराण हे ओवीबद्ध काव्य १६१६मध्ये गोव्यातल्या आपल्या राशोलला छापलं गेलं. त्यातली ही ओवी घ्या:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा । कीं रत्नांमाजी हिरा निळा ।
तैसी भासांमाजी चोखळा । भासा मराठी ॥

अक्षरं ११, ९, ९, ५. एका मुलीने लिहिलं होतं, ‘वृत्त चुकले आहे.’ चुकलेलं नाही! ग्रंथातल्या ओवीला अक्षरांचं बंधन सैल असतं. तिची खूण म्हणजे पहिल्या तीन चरणांचं यमक आणि चौथा आखूड, यमकाविना सुटलेला चरण.

कवितेतल्या भावनेबद्दल लिहितानाही हीच ओवी उपयोगी पडते. पाऊस आला की ‘आनंदी’, संध्याकाळ आली की ‘उदास’ असं विषयावरून ठरवू नका. इथेही नुसतं ‘भाषेचा अभिमान’ लिहून थांबू नका. खड्यांतून रत्नाकडे, रत्नांतून हिऱ्याकडे उपमा चढत जाते, ‘ळा’चं यमक तीनदा वाजतं आणि मग एकदम पाच अक्षरांवर ओवी थांबते: भासा मराठी. तो अभिमान या थांबण्यात आहे. उत्तरात हे थांबणं दाखवा.