सोलकढी तांब्या-पितळेत नको, सोलं मात्र हवीत

कोकमाचं आगळ किंवा सोलकढी कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका. आमसुलात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं. भांड्यावरच्या कॉपर ऑक्साइडशी त्याची अभिक्रिया होऊन तांब्याचा क्षार आणि पाणी तयार होतं. तो क्षार कढीत उतरला की मळमळ, उलट्या होऊ शकतात. ॲल्युमिनियमचं पातेलंही नकोच. स्टील, काच किंवा चिनी मातीची बरणी उत्तम.

भांडी घासताना मात्र हीच अभिक्रिया कामाची! कढीतली पिळून उरलेली सोलं फेकायची कशाला? मीठ लावून काळवंडलेल्या घंगाळावर चोळा, काळा थर सुटून खालचं लालसर तांबं दिसायला लागेल. लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं पुसा. विशेषतः कडांच्या खोबणीत आम्ल राहिलं, तर आपल्या दमट हवेत तिथे हिरवे डाग धरतात.