खड्डा शोधू नका, फेज बघा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी तीन आठवडे मी एका भोवऱ्याच्या मृत्यूचं कारण शोधत होते. एकमेकांना ढकलणारी दोन कंडेन्सेट (अतिथंड अणूंचे ढग, ज्यात सगळे अणू एकाच तरंगासारखे वागतात), पहिल्यात एक भोवरा, दुसरं शांत. सिम्युलेशन सुरू केलं की एकूण घनतेच्या चित्रातला काळा ठिपका, म्हणजे भोवऱ्याच्या गाभ्यातला घनतेचा खड्डा, थोड्याच वेळात पुसट व्हायचा. टाइम स्टेप कमी केला, ग्रिडचे बिंदू दुप्पट केले, ऊर्जा तपासली. सगळं ठीक होतं.

भोवरा मेलेलाच नव्हता. दुसऱ्या कंडेन्सेटचे अणू त्याच्या गाभ्यात शिरले होते आणि खड्डा भरून निघाला होता. पहिल्या घटकाची (कंडेन्सेटची) फेज, म्हणजे तरंग आपल्या चक्रात कुठे आहे ते सांगणारा कोन, वेगळी काढून पाहिली, तर त्या बिंदूभोवती एक फेरी पुरी होताना ती बरोबर २π ने बदलत होती. भोवऱ्याची खरी ओळख ही. १९९९ मध्ये बोल्डरच्या जिला प्रयोगशाळेत कंडेन्सेटमधला पहिला भोवरा तयार झाला, तोही असाच होता: रुबिडियमच्या दोन अवस्था, एक फिरणारी आणि दुसरी गाभ्यात थांबलेली. पुढच्या वर्षी तिथेच गाभ्यातले अणू काढून टाकून रिकामा गाभाही अभ्यासला गेला. हे मला आधीपासून माहीत होतं, पण स्वतःच्या स्क्रीनवर ओळखता आलं नाही.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं: दोन कंडेन्सेटची दोन समीकरणं जोडण्याआधी एकाच कंडेन्सेटमध्ये महिनाभर रमा. ग्रॉस आणि पिताएव्स्की यांनी १९६१ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेलं, कंडेन्सेटचा तरंग काळानुसार कसा बदलतो ते सांगणारं समीकरण घ्या. त्यात अणूंची घनताच त्यांच्यासाठी विभव (जागेनुसार बदलणारी स्थितिज ऊर्जा) बनते, अरेषीयता येते ती तिथून. मग दोन भोवऱ्यांची गती कागदावर काढा. विरुद्ध दिशेने फिरणारी जोडी हातात हात घालून सरळ चालते, आणि अंतर वाढलं की वेग कमी होतो. एकाच दिशेने फिरणारे दोघं एकमेकांभोवती फिरत राहतात. पहिल्यांदा अंगवळणी पडायला वेळ लागतो ते हे, की रिकाम्या गाभ्याचा भोवरा ढकलला तर ढकललेल्या दिशेला जात नाही, काटकोनात सरकतो. त्याला जवळजवळ जडत्वच नसतं.

आता गाभ्यात दुसऱ्या घटकाचे अणू भरा. भोवऱ्याला वस्तुमान येतं. त्याच्या वाटेवर बारीक हेलकावे उमटू लागतात. हा विषय मला आवडतो तो याच जागेसाठी. दोन घटक मिसळतील की वेगळे होतील, हे परस्परांमधल्या अपकर्षणावर ठरतं: त्याचा वर्ग दोघांच्या स्वतःच्या अपकर्षणांच्या गुणाकारापेक्षा मोठा झाला की ते वेगळे होतात. शिवाय अणूंना एका अवस्थेतून दुसरीत जाऊ दिलं, तर दोन घटकांतल्या भोवऱ्यांमध्ये सापेक्ष फेजची (दोघांच्या फेजमधल्या फरकाची) एक भिंत ताणलेल्या दोरीसारखी उभी राहते. पण तो टप्पा नंतरचा.

कोडबद्दल दोनच गोष्टी. गाभ्याचा आकार हीलिंग लेंग्थवर (घनता शून्यापासून नेहमीच्या पातळीवर यायला लागणाऱ्या अंतरावर) ठरतो, तेव्हा तेवढ्या लांबीत ग्रिडचे तीन-चार बिंदू तरी हवेत. आणि स्प्लिट-स्टेप फूरिये पद्धतीत (समीकरण छोट्या टप्प्यांत, फूरिये रूपांतर वापरून सोडवण्याच्या) चौकटीच्या कडा एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एकटा भोवरा तिथे बसतच नाही. बसवलात तर कडेवर फेज तुटते आणि तिथून नको ते भोवरे उगवतात. विरुद्ध दिशेच्या जोड्या ठेवा, नाहीतर कंडेन्सेट सापळ्यात ठेवून कडेला घनता शून्य होऊ द्या.

हल्ली प्रत्येक रनचं माझं पहिलं चित्र चार चौकटींचं असतं: दोन घनता, दोन फेजा. त्या तीन आठवड्यांच्या फाइल्स मी पुसल्या नव्हत्या. फेजवरून गाभ्याची वाट नव्याने काढली, तर तिच्यात हेलकावे होते. थीसिसचं तिसरं प्रकरण त्याच फाइल्सवर उभं राहिलं.