गीझरच्या वायरिंगची दुरुस्ती : माझा अनुभव

जानेवारीत नाशिकला कडाक्याची थंडी पडली असताना, गंगापूर रोडवरील आमच्या जुन्या घरात गीझर सुरू केला की जळका वास येऊ लागला. प्लग काढून पाहिला, तर एक पिन काळवंडलेली आणि सॉकेटचे प्लास्टिक तिच्याभोवती वितळलेले होते. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो, आणि आमच्याकडे तर मूळचा प्लग कापून कोणीतरी ६ अँपिअरचा बसवला होता.

परवानाधारक वायरमनने मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला, तेव्हा अर्थिंगची (गळती झालेली वीज जमिनीत नेणारी) हिरवी वायर कुठेही न जोडता आत नुसती गुंडाळून ठेवलेली आढळली. माझ्या काळजाचा ठोका चुकला, कारण याच न्हाणीघरात मुले रोज अंघोळ करतात.

मग वितरण पेटीपासून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र लाइन केसिंग-पट्टीतून सरळ नेली, १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) व सॉकेट बसवले, स्विच दाराबाहेर घेतला आणि अर्थिंग तपासून जोडले. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावला. त्याचे टेस्ट बटण मी आता नियमितपणे दाबून पाहतो.