नेटच्या पेपर एकमधलं तर्कशास्त्र सोडताय? या चुका टाळा

यूजीसी-नेटचा, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठी आणि पीएचडीसाठी लागणाऱ्या पात्रता परीक्षेचा, फॉर्म भरला की आठवड्याभरात कोणीतरी सांगतंच, ‘लॉजिकचं युनिट सोडून दे, पाचच तर प्रश्न येतात.’ इंदूरला भंवरकुआंच्या लायब्ऱ्यांमध्ये, म्हणजे जिथे महिन्याच्या भाड्याने खुर्ची मिळते तिथे, हा सल्ला चहाबरोबर फुकट मिळतो. तो सरसकट खोटा नाही. पण ‘लॉजिक’ म्हणून जो गठ्ठा बाजूला टाकला जातो, त्यात निम्मं तरी दोन संध्याकाळींत येणारं असतं, आणि खरोखर सोडण्यासारखं जे आहे त्यावर मुलं आठवडे घालवतात.

आधी हिशेब. पेपर एक सगळ्यांना सारखाच, त्यात ५० प्रश्न, १०० गुण. युनिटं दहा, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण पाच प्रश्न. लॉजिकल रीझनिंग हे सहावं युनिट. पेपर दोनचे, म्हणजे आपल्या विषयाचे, २०० गुण धरले तर ३०० पैकी १० गुणांचा मामला. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे काहीही न वाचता पाचही प्रश्नांना खुणा केल्या तरी चार पर्यायांच्या हिशेबाने एखादा लागतोच. म्हणजे युनिट पूर्ण सोडण्याची खरी किंमत सात-आठ गुण. ज्याला फक्त ‘बसून बघायचंय’ त्याला ती परवडेल. पण सहायक प्राध्यापकपदासाठी बसलेल्यांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरतात, आणि २०२४ पासून पीएचडीच्या प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के वजन आहे. देवी अहिल्या विद्यापीठात असो की बाहेर, पीएचडीच्या यादीत नाव लावायचं असेल तर सात गुण थोडे नाहीत.

तीन युनिटं एकाच टोपलीत टाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘मला लॉजिक जमत नाही’ म्हणणारा बहुतेक वेळा पाचवं युनिट (संख्यामालिका, अक्षरमालिका, सांकेतिक भाषा, नाती, टक्केवारी, वेळ-अंतर), सहावं युनिट (युक्तिवाद, विधानं, तर्कदोष, भारतीय तर्क) आणि सातवं युनिट (डेटा इंटरप्रिटेशन, म्हणजे तक्ते-आलेख वाचणं) अशी तिन्ही एकदम सोडून मोकळा होतो. दहा गुणांची सूट घेतोय असं त्याला वाटतं, जातात तीस. वास्तविक या तिघांचा स्वभाव वेगळा. पाचव्याला सराव लागतो, सातव्याला आकडेमोडीचा वेग, सहाव्याला मोजके नियम. एकात अडखळलात म्हणून बाकी दोन येणार नाहीत असं मानायला काही आधार नाही.

शेजारच्याची परीक्षा आपली समजणं

लायब्ररीत तुमच्या एका बाजूला राज्यसेवावाला बसलेला असतो, दुसऱ्या बाजूला यूपीएससीवाली. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, ८० प्रश्न, २०० गुण, पास व्हायला ३३ टक्के, आणि चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुणांची कात्री. राज्यसेवेचा दुसरा पेपरही पात्रतेपुरताच. तिथे अख्खा टॉपिक सोडणं हा शहाणपणाचा डाव असू शकतो, कारण रेषेच्या वर गेलेल्या गुणांचा उपयोगच नाही. नेटमध्ये पेपर एकचा प्रत्येक गुण अंतिम बेरजेत जातो. तेव्हा ‘ताईने सोडलं होतं, तरी झालं की तिचं’ हे ऐकताना ताईची परीक्षा कोणती होती ते आधी विचारा.

पायाचं सोडून वरचं पाठ करणं

इथे जरा थांबू, कारण बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो.

सहाव्या युनिटमध्ये काही गोष्टी अशा आहेत की त्यांच्यावर बाकीच्या उभ्या असतात. पहिली म्हणजे चार प्रकारची विधानं: ए (सर्व), ई (एकही नाही), आय (काही आहेत), ओ (काही नाहीत). दुसरी, कोणत्या विधानात कोणतं पद ‘व्याप्त’ असतं, म्हणजे विधान त्या पदाखालच्या सगळ्यांबद्दल बोलतं: ए मध्ये उद्देश्य (ज्याच्याबद्दल बोलतोय ते; जे सांगतोय ते विधेय), ई मध्ये दोन्ही, आय मध्ये एकही नाही, ओ मध्ये विधेय. एवढ्या चार ओळी. त्या कंटाळवाण्या वाटतात म्हणून मुलं गाळतात आणि थेट न्यायवाक्यांचे (दोन आधारविधानं आणि एक निष्कर्ष अशा युक्तिवादांचे) वैध प्रकार पाठ करायला घेतात. एकूण प्रकार होतात २५६. आधुनिक पद्धतीने त्यांतले १५ वैध, पारंपरिक पद्धतीने २४. पाठ करायचंच असेल तर करा, पण परीक्षेच्या दिवशी दोन आकृत्यांची (पदांच्या मांडणीच्या साच्यांची) अदलाबदल होणार हे ठरलेलं.

त्यापेक्षा नियम लावा. उदाहरण घ्या: सर्व प्राध्यापक वाचक आहेत, सर्व ग्रंथपाल वाचक आहेत, म्हणून सर्व ग्रंथपाल प्राध्यापक आहेत. ‘वाचक’ हे मधलं पद, दोन्ही आधारविधानांत येणारं पण निष्कर्षात नसलेलं. दोन्ही विधानं ए प्रकारची, आणि ‘वाचक’ दोन्हीकडे विधेयाच्या जागी, म्हणजे कुठेच व्याप्त नाही. मधलं पद किमान एकदा व्याप्त असलंच पाहिजे, म्हणून युक्तिवाद अवैध. वीस सेकंदांचं काम. आकृती विचारली तर मधलं पद कुठे बसलंय ते पाहा; दोन्ही आधारविधानांत विधेय असेल तर दुसरी आकृती. याच्या जोडीला आणखी तीन नियम: निष्कर्षात व्याप्त असलेलं पद आधारविधानातही व्याप्त हवं, दोन नकारी विधानांतून काही निघत नाही, एक विधान नकारी असेल तर निष्कर्षही नकारी. बहुतेक प्रश्न एवढ्यात उरकतात.

मग सोडायचं काय? वैध प्रकारांची यादी सोडा. ‘सर्व’ म्हटल्यावर निदान एक तरी अस्तित्वात असतोच का, हा आधुनिक आणि पारंपरिक तर्कशास्त्राचा वाद वाचायला रसाळ आहे, पण वेळ कमी असेल तर सोडा. अभ्यासक्रमात विरोध-चौकोन (ए, ई, आय, ओ यांचे खरे-खोटेपणाचे संबंध दाखवणारा चौकोन) ‘क्लासिकल’ म्हणूनच दिलाय, तेव्हा ‘सर्व’ खरं तर ‘काही’ही खरं, असं धरून चाला. हेत्वाभासांचे (भारतीय तर्कातल्या सदोष हेतूंचे) पोटप्रकारही (असिद्धाचे तीन, सव्यभिचाराचे तीन) शेवटच्या पंधरा दिवसांत नव्याने सुरू करू नका.

विरोध-चौकोन मात्र सोडायचा नाही. त्यात एकच चूक पुन्हा पुन्हा होते. ‘सर्व इंदूरकर सकाळी पोहे खातात’ हे खोटं आहे असं दिलं, तर नक्की खरं काय? बरेच जण ‘एकही इंदूरकर पोहे खात नाही’ला खूण करतात. खरं ठरतं ते इतकंच, की काही इंदूरकर सकाळी पोहे खात नाहीत. ए आणि ई दोन्ही एकदम खोटी असू शकतात. ए आणि ओ कधीच नाही, एक खरं तर दुसरं खोटं. कोपऱ्यातून कोपऱ्याकडे जाणाऱ्या दोन तिरक्या रेषा, ए-ओ आणि ई-आय, पक्क्या झाल्या की चौकोनाचं निम्मं ओझं उतरलं.

अडलंय कुठे ते न तपासता ‘अवघड’ ठरवणं

मागच्या पेपरांतले या युनिटचे प्रश्न घ्या आणि घड्याळ न लावता सोडवा. वेळ न लावता बरोबर येतात, वेळ लावल्यावर चुकतात? मग संकल्पना येते आहे, सराव कमी पडतोय. हे सोडायचं नाही. वेळ असूनही चुकतात, पण स्पष्टीकरण वाचल्यावर ‘हां, बरोबर’ वाटतं? तेही सोडायचं नाही. दोन वेगवेगळ्या दिवशी बसूनही स्पष्टीकरणच डोक्यावरून जातंय, तेवढाच भाग बाजूला ठेवा, आणि वहीत तसं लिहून ठेवा. नाहीतर रोज रात्री तोच टॉपिक ‘करू का, नको’ म्हणून छळत राहतो.

बऱ्याचदा गाडं संकल्पनेवर नाही, वाचण्यावर अडतं. ‘काही’ म्हणजे किमान एक, कदाचित सगळेही. आपण घरी ‘काही पाहुणे आले’ म्हटलं की बाकीचे आले नाहीत हे गृहीत असतं. पेपरात ते गृहीत नाही. ‘केवळ पदवीधर अर्ज करू शकतात’ याचा अर्थ अर्ज करू शकणारे सगळे पदवीधर आहेत, सगळे पदवीधर अर्ज करू शकतात असा नाही. पेपर हिंदीत आणि इंग्रजीत असतो. आपल्याकडे घरी मराठी, शाळा हिंदी, कॉलेजच्या नोट्स इंग्रजी अशी तिहेरी खिचडी असते, म्हणून पारिभाषिक शब्दांसाठी एकच भाषा ठरवा आणि सराव त्याच भाषेतल्या प्रश्नांवर करा.

संस्कृत नावांना घाबरून भारतीय तर्क गाळणं

हा भाग म्हणजे जवळजवळ आयते गुण. कोण किती प्रमाणं (ज्ञान मिळवण्याची साधनं) मानतो, एवढ्यावरच जोड्या लावायला येतात. चार्वाक एकच, प्रत्यक्ष. बौद्ध आणि वैशेषिक दोन, प्रत्यक्ष आणि अनुमान. सांख्य तीन, त्यात शब्द (विश्वासार्ह वचन) आला. न्याय चार, उपमानासह (साम्यावरून ज्ञान). प्रभाकर मीमांसक पाच, अर्थापत्ती धरून. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती सहा, अनुपलब्धीसह (न दिसण्यावरून नसल्याचं ज्ञान). अर्थापत्तीचं जुनं उदाहरण विसरणं कठीण आहे: देवदत्त दिवसा जेवत नाही तरी लठ्ठ आहे, तेव्हा तो रात्री जेवत असणार.

अनुमानाचे पाच अवयव (प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन) धूर-अग्नीच्या एका उदाहरणावर (डोंगरावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे) बसवा. पाच हेत्वाभासांनाही एकेक वाक्य जोडा. अग्नी थंड आहे कारण तो द्रव्य आहे: बाधित, कारण हात लावला की कळतं. शब्द नित्य आहे कारण तो उत्पन्न होतो: विरुद्ध, कारण हेतू उलटंच सिद्ध करतो. आकाशकमळ सुगंधी आहे कारण ते कमळ आहे: असिद्ध, कारण आकाशकमळ मुळात नसतंच. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना तर यातले बरेच शब्द ओळखीचे वाटतील.

परीक्षेत बसल्यावर सोडता न येणं

दोन्ही पेपर सलग, १५० प्रश्न, १८० मिनिटं. प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. एका कोड्यावर चार मिनिटं अडून राहिलात तर तिकडे पेपर दोनमधले तुमच्या विषयाचे तीन प्रश्न गेले, जे कदाचित सहज येत होते. दीड मिनिटात वाट दिसली नाही तर अंदाजाने पर्याय निवडा, ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ (नंतर पाहण्याची खूण) करा आणि पुढे चला. पर्याय न निवडता नुसता रिव्ह्यूला टाकलेला प्रश्न कोराच राहतो, त्यामुळे शेवटची पाच मिनिटं प्रश्नांच्या यादीवर नजर फिरवायला राखून ठेवा.