हिरवळीवर जाऊ नका, मुळं बघा : गोल्फ मैदानाच्या कामाला निघालेल्या सातारा-सांगलीच्या मुलामुलींसाठी

गोल्फच्या मैदानावर मुलाखतीला गेलात की ऑफिसात फार वेळ बसवत नाहीत. एखाद्या ग्रीनवर, म्हणजे चेंडू घालायचं भोक असतं त्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, नेऊन उभं करतात आणि विचारतात, ‘काय वाटतं, कशी आहे?’ आपल्याकडून गेलेली बहुतेक मुलं खाली बघून सांगतात, ‘एकदम हिरवीगार आहे, सर.’ अर्धी मुलाखत तिथंच संपते. मुळं कुजायला लागली तरी हरळीचं पातं बरेच दिवस हिरवं राहतं. त्यातून स्पर्धेच्या आठवड्यात फेरस सल्फेट (लोहाचं खत) मारलेलं असेल, तर आजारी ग्रीनसुद्धा गडद हिरवी दिसते. तुमच्याकडून त्यांना रंग नको असतो, खालच्या मातीत काय चाललंय ते हवं असतं.

मी कोरेगाव तालुक्यातला, कृषी पदवीधर. बरोबरचे बहुतेक एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसले होते तेव्हा मी पुण्याकडच्या एका मैदानावर माळ्यांच्या हाताखाली लागलो. घरी कुणाला हे काम पटलं नव्हतं. ‘शेती शिकून गवत कापतोस?’ हा प्रश्न मी पुष्कळ ऐकलाय आणि आजही तो लागतो. तुम्हालाही ऐकावा लागेल. पण आपल्या दोन जिल्ह्यांतल्या पोरांजवळ या कामासाठी असं काहीतरी असतं, जे शहरातल्या मुलांना वर्षानुवर्षं कमवावं लागतं. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माणमध्ये पाचशेच्या आसपास. डोंगरावर तांबडी जांभ्याची माती, कराड-वाळवा-मिरजेकडे काळी, खटावात मुरमाड. पाणी कुठं मुरतं आणि कुठं तुंबतं हे आपण लहानपणापासून बघत आलोय. ते मैदानावर वापरायचं कसं, एवढंच शिकायचं असतं.

आता मुख्य गोष्ट. ही दोनदा वाचा, कारण मलाही हिनंच पकडलं होतं.

ऑक्टोबरातली दुपार. पाऊस उघडून आठवडा झालाय, ऊन चटका देतंय. ग्रीनचा एक भाग निळसर-करडा दिसायला लागतो, पाती आत वळतात, बुटाचा ठसा उमटला की लवकर उठत नाही. ही सगळी पाण्याच्या ताणाची लक्षणं आहेत, पुस्तकातही तशीच दिली आहेत. वरची माती बोटानं खरवडली तर कोरडी लागते. शेतकऱ्याच्या पोराचा हात आपोआप पाण्याच्या कॉककडे जातो. रात्री स्प्रिंकलर चालवला जातो, सकाळी ग्रीन टवटवीत दिसते, दुपारी पुन्हा माना टाकते. मग आणखी पाणी. काही दिवसांत तो भाग पिवळा पडून विरळ होतो आणि मातीतून कुजका वास यायला लागतो.

झालेलं असतं असं. चांगली ग्रीन आपल्या मातीवर बांधत नाहीत. अमेरिकन गोल्फ संघटनेनं १९६० मध्ये जी बांधणी सुचवली, तिच्या धर्तीवर साधारण ३० सेंटिमीटर वाळूचा थर, त्याखाली १० सेंटिमीटर खडी आणि खडीत निचऱ्याचे सच्छिद्र पाइप, अशी रचना असते. खडी आहे म्हणजे पाणी झरकन निघून जाणार, असं वाटतं. तसं होत नाही. बारीक वाळूतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वाळूचा तळ जवळजवळ भरून गेल्यावरच ते खडीत सुटतं. पाण्यातून काढलेला स्पंज आडवा धरला तर ठिबकणं थांबतं, पण त्याचा तळ भरलेलाच असतो, तसं. रचना मुद्दाम अशी ठेवलेली असते, म्हणजे उन्हाळ्यात वाळूतसुद्धा ओल टिकते. पावसाळ्यानंतर मात्र हाच गुण अंगावर येतो. वरचे दोन-तीन सेंटिमीटर कोरडे, खालचा थर गच्च.

गच्च थरात हवा नसते. मुळांना पाणी ओढायलाही प्राणवायू लागतो. तापमान वाढलं की मुळांची प्राणवायूची गरज वाढते आणि कोमट पाण्यात तो आणखी कमी विरघळतो. त्यामुळे मुळं पाण्यात उभी असूनही दुपारी पात्याला पाणी पोहोचत नाही आणि पातं सुकतं. वरून बघाल तर कोरड्या ताणात आणि या ओल्या ताणात काहीच फरक दिसत नाही. फरक खालीच असतो. त्यातून पावसाळ्यात ढगांमुळे ऊन मिळालेलं नसतं, आणि हरळीला सावली मानवत नाही. म्हणून मुळं आधीच आखडून वरच्या चार-पाच सेंटिमीटरात आलेली असतात. म्हणजे एकाच जागी वरची तोकडी मुळं तहानलेली आणि खालची गुदमरलेली, असंही सापडतं. पहिल्यांदा हे बघितलं की डोकं चालत नाही. तसं झालं तर घाबरू नका, सगळ्यांचं होतं.

म्हणून नियम एकच : सळई किंवा नमुना काढायची नळी खुपसल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. वीस सेंटिमीटरचा नमुना काढा. त्याचा खालचा भाग मुठीत दाबा. पाणी सुटलं तर कॉक बंदच ठेवा. नाकाजवळ धरा. सडक्या अंड्यासारखा वास आणि काळा पट्टा दिसला, तर तिथं बरेच दिवस हवा गेलेली नाही. मुळं पांढरी आहेत की तपकिरी, बोटानं ओढल्यावर तुटून येतात का, हे बघा. मग जागा बघा. कोरडा ताण बहुधा ग्रीनच्या उंच खांद्यावर आणि पश्चिमेच्या उतारावर येतो, ओला ताण खोलगट जागी आणि झाडाच्या सावलीत. ओला निघाला तर बारीक सळयांनी भोकं पाडून हवा द्यायची, कापणीची उंची थोडी वाढवायची आणि भर दुपारी पाण्याच्या पाइपनं नुसता हलका फवारा मारायचा. त्या फवाऱ्यानं पातं थंड होतं आणि खालचा थर आणखी भिजत नाही. रात्रभराचा स्प्रिंकलर नाही म्हणजे नाही.

उलटही घडतं, तेही सांगतो. वाळूच्या कणांवर सेंद्रिय पदार्थाचा मेणचट थर बसला की ती पाणी धरतच नाही. शेजारी ओलं आणि मध्ये राखेसारखा कोरडा ठिपका राहतो. तिथं कितीही पाणी सोडा, बाजूनं वाहून जातं. नळी खुपसल्याशिवाय हेही कळत नाही.

वाळवा-मिरजेकडच्या मुलांना मी वेगळं काय सांगू? उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झालेल्या जमिनी तुमच्या बांधाला लागून आहेत. त्यांच्या दुरुस्तीसाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप गाडताना तुम्ही बघितलंय. ग्रीनखाली तेच पाइप असतात, त्यांचं तोंड कुठं उघडतं ते पहिल्या दिवशी विचारा आणि पाऊस पडून गेल्यावर तिथं जाऊन उभे राहा. पाइपातून पाणी येत नसेल तर ते ग्रीनमध्येच आहे. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांच्या पोरांना तर पान किती तास ओलं राहिलं की डाऊनी (केवडा रोग) येतो हे घरातच कळलेलं असतं. ग्रीनवर दव सकाळी उशिरापर्यंत राहिलं की डॉलर स्पॉट या बुरशीच्या रोगाचे रुपयाएवढे फिकट ठिपके याच हिशेबानं येतात. म्हणून पहाटे लांब लवचीक काठीनं दव झाडतात. ते नुसतं शोभेचं काम समजू नका.

आता खेळण्याबद्दल. मैदान सांभाळणाऱ्यानं खेळलंच पाहिजे, हे माझं ठाम मत आहे, आणि याबाबत मी कुणाचं ऐकत नाही. बहुतेक मैदानं सोमवारी देखभालीसाठी बंद असतात. कर्मचाऱ्यांना परवानगी असेल तर तेव्हा उसनी काठी, म्हणजे गोल्फचा क्लब, घेऊन खेळा. चांगलं खेळता आलं नाही तरी चालेल. चेंडू पडल्यावर काय करतो हे हातानं आणि कानानं कळलं पाहिजे.

पावसाळ्यात चेंडू पडतो तिथंच रुततो, पुढं घरंगळत नाही. म्हणून नेहमीपेक्षा लांब पल्ल्याची काठी घ्यावी लागते. चेंडूला चिखल चिकटला तर तो साधारण चिखलाच्या विरुद्ध बाजूला वळतो. भिजलेल्या बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, काठी वाळूत शिरत नाही, आपटून उसळते. नियमही इथंच लागतात. साचलेल्या पाण्यातून दंडाशिवाय सुटका मिळते, पण पाणी दिसलं पाहिजे. पाय मुद्दाम दाबून बुटाच्या कडेनं वर काढलेलं पाणी धरत नाहीत, आणि दवही साचलेलं पाणी नव्हे. बंकरमध्ये सुटका बंकरातच घ्यायची. बाहेर यायचं तर एक दंडाचा फटका. ग्रीनबाहेर नुसता चिखल लागला म्हणून चेंडू उचलून पुसून ठेवायची मुभा खेळाचे नियम बघणाऱ्या समितीनं जाहीर केली असेल तरच असते. हे तुम्हाला पाठ पाहिजे, कारण मैदान खेळण्याजोगं आहे का, हे सकाळी सहा वाजता समिती तुम्हालाच विचारणार आहे.

थंडीत सकाळी दवामुळे चेंडू संथ पळतो, दहानंतर तीच ग्रीन बदलते. हरळीला ओढ असते, म्हणजे पाती एका दिशेला कललेली असतात. एका बाजूनं बघितलं की चकाकते, दुसऱ्या बाजूनं गडद दिसते. चकाकणाऱ्या दिशेनं मारलेला चेंडू जास्त पळतो. आपल्याकडे हिमाचा प्रश्न नाही असं समजू नका. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे काही वर्षी दव गोठतं. गोठलेल्या पात्यावर पाय पडला की पेशी फुटतात आणि पाऊलखुणा पुढं बरेच दिवस काळ्या दिसतात. उत्तरेकडच्या थंड मैदानावर नोकरी लागली, तर ऊन येईपर्यंत कुणालाही आत सोडू नका, मग तो कुणीही असो.

उन्हाळ्यात फेअरवे, म्हणजे ग्रीनकडे जाणारे कापलेल्या गवताचे पट्टे, टणक होतात, चेंडू भरपूर पळतो, ग्रीनच्या अलीकडेच टाकावा लागतो. आणि वळीव. वळवाच्या विजेबद्दल मी काहीही गोडीनं सांगणार नाही. गडगडाट ऐकू आला की काम थांबवायचं, नळी, यंत्र, काठ्या टाकून आत यायचं, झाडाखाली उभं राहायचं नाही. उघड्या माळावर हातात लोखंड घेऊन उभा असलेला माणूस तुम्हीच असता. ‘एवढी एक ग्रीन कापून येतो’ म्हणणाऱ्याचा हात धरून त्याला आत आणा.

स्टिंपमीटरबद्दल, म्हणजे ग्रीनचा वेग मोजायच्या साधनाबद्दल, थोडकं. तीन फुटांची खाच असलेली पट्टी, तिच्यावरून चेंडू सोडायचा आणि किती फूट पळाला ते मोजायचं. सपाट जागी तीन चेंडू एका दिशेनं, तीन उलट, आणि सरासरी. १९७८ पासून मैदानांच्या हाती आलेलं हे साधन अठरा ग्रीन एकसारख्या आहेत का हे बघायला आहे. मोठा आकडा मिरवायला गवत तीन मिलिमीटरच्या खाली घासून काढणारे लोक मला आवडत नाहीत. रोजच्या खेळाला आठ-नऊ फूट पुरतात, आणि भर पावसाळ्यात त्याहून कमी आले तर येऊ द्या. गवत जगलं तर वेग परत आणता येतो.

गुरू कुणाला करायचं? तीन महिन्यांतून एकदा येऊन लॅपटॉपवर आलेख दाखवणाऱ्यांकडून घेण्यासारखं असतं, ते घ्या. पण रोजचा गुरू मुकादमच. आमचे मुकादम दहिवडीकडचे, दुष्काळातले. मातीचा नमुना हातात घेतला की ओलाव्याचं यंत्र लावायच्या आधी आकडा सांगतात, आणि तो बहुधा जुळतो. त्यांच्याशी पदवीच्या तोऱ्यात बोलणारी मुलं टिकलेली मी बघितली नाहीत. महागडे ऑनलाइन कोर्स आधी करू नका. नोकरी लागल्यावर, आपल्या ग्रीनचे प्रश्न माहीत झाल्यावर करा, तेव्हा ते उपयोगी पडतात. इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागं राहू नका. ते दोन वर्षांत येतं, मलाही तसंच आलं. पहाटे साडेचारला उठणं, रविवार आणि सणाच्या दिवशी हमखास काम असणं, हे मात्र कधीच सोपं होत नाही. त्याची तयारी नसेल तर आत्ताच दुसरा रस्ता धरा.

जाण्याआधी घरी एवढं करा. अर्ध्या इंची जीआय पाइपचा हातभर तुकडा घ्या. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून एक टोक धारदार करून घ्या आणि बाजूला लांब खिडकी कापून घ्या, म्हणजे आतली माती दिसेल. साताऱ्याचं शाहू स्टेडियम, सांगलीचं शिवाजी स्टेडियम असल्या मैदानांवर परवानगीशिवाय खुपसू नका, तिथं नुसतं चालून टाचेखाली जमीन कशी लागते ते बघा. पाइप चालवा उसात, द्राक्षात, घरामागच्या हरळीत. पाऊस पडल्यावर आणि उघडल्यावर रोज, त्याच जागी. खुपसायच्या आधी वहीत लिहा : वर कोरडं की ओलं, खाली कसं, वाफसा कधी येईल. मग खुपसा आणि आपलं उत्तर तपासा. जून ते नोव्हेंबर एवढं केलं तरी पुरे.

आणि मुलाखतीत ग्रीनवर नेऊन ‘कशी आहे?’ विचारलं, तर आधी विचारा, ‘काल पाऊस किती झाला? वाळूचा शेवटचा थर कधी दिला? नमुन्याची नळी मिळेल का?’ नळी दिली तर गुडघ्यावर बसा, एक नमुना उंचावरून काढा, एक खोलगट जागेतून, दोन्ही शेजारी ठेवून जे दिसतंय ते मराठीतच सांगा. भोकं वाळूनं भरून, वर हात फिरवून सपाट करूनच उठा. तेही बघत असतात.